हॅलिफॅक्समधली दौलतजादा

शंकररावांचा आवाज चढलेला हॅलिफॅक्समध्ये कुणी ऐकला नव्हता. फोनवरून काहीबाही विकणाऱ्यालाही हा माणूस तीनदा सॉरी म्हणून मग फोन ठेवायचा. बायकोला, पद्माबाईंना, त्याचा कधीकधी वैताग यायचा. त्यामुळे २०११च्या मार्चमधल्या त्या रविवारी जे झालं, ते डोळ्यांदेखत होऊनही त्यांना खरं वाटेना.

शेजारची यांती लॅपटॉप पोटाशी धरून, बर्फाचे बूट दारात भिरकावून आत आली. यांती इंडोनेशियाची. महिन्यापूर्वी तिच्या मुलीच्या लग्नात शंकररावांची लेक रचना दांगडुत गायली होती. दांगडुत म्हणजे तिकडचं ठेकेबाज, बसल्या जागी कंबर हलवायला लावणारं गाणं. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासणारी ही मुलगी यांतीकडून ते हौसेनं शिकली होती. कुणीतरी व्हिडिओ यूट्यूबवर टाकला आणि बघता बघता नऊ लाख लोकांनी तो पाहिला.

"सर, जकार्ता टीव्ही आल्सो शोइंग! इंडियन गर्ल, सिंगिंग दांगडुत!" यांतीचा आनंद गगनात मावत नव्हता.

हिरव्या चमचमत्या पोशाखात रचना झकास गात होती. शंकरराव कौतुकानं पुढे सरकले, बोटं मांडीवर ठेका धरू लागली. तेवढ्यात रंगीत शर्टातला एक गृहस्थ नाचत नाचत स्टेजवर चढला आणि पाच-पाच डॉलरच्या नोटा एकेक करून तिच्या हातात देऊ लागला. रचना हसून, मान लववून घेत होती. गाणं चालूच.

शंकररावांनी लॅपटॉप धाडकन मिटला.

"आउट! गेट आउट ऑफ माय हाऊस!"

यांतीचा चेहरा खर्रकन उतरला. बिचारी लॅपटॉप उचलून, बूट कसेबसे अडकवून निघून गेली. पद्माबाई हातातला कप तसाच धरून उभ्या. बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसानं दारातून कुणाला हाकललं नव्हतं.

तासाभरानं रचना ड्यूटीवरून आली. तिला कोटसुद्धा काढू दिला नाही.

"पैसे घेतलेस? चारचौघांत, परक्या पुरुषाच्या हातून?"

"बाबा, व्हॉट? ते सावेर असतं. गाणाऱ्याला सगळेच देतात, इट्स देअर कस्टम. यांती आंटीच्या आईनं पण दिले, शी इज एटी!"

"आपल्याकडे त्याला काय म्हणतात माहितीये? दौलतजादा!"

रचनाला तो शब्द ठाऊक नव्हता. पाचव्या वर्षी कॅनडात आलेल्या मुलीला कुठून असणार? पद्माबाईंना मात्र होता, आणि नवऱ्याच्या तोंडी तो ऐकून त्या हबकल्या.

"अहो, तमाशातला शब्द तो. तिचं गाणं कुठे, ते कुठे!"

"मला सांगू नकोस!" शंकररावांनी हात हवेत उंच धरला. "नोट वर धरायची, बाईनं नाचत पुढे यायचं, मग हात लावूनच सोडायची. पडद्याआड बसून मी सगळं बघितलंय. एकेकाचं तोंड लक्षात आहे माझ्या."

"कुठल्या पडद्याआड?" पद्माबाईंनी विचारलं.

शंकररावांनी जीभ चावली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. ते खुर्चीत बसले.

"फडाच्या. माझी आई नाचायची."

आपल्या समाजानं तो धंदा मान ताठ करून सोडला, ते सांगू लागले. गावात सगळ्यांनी सोडला. आईनं सोडला नाही, कारण पुण्यात माझी इंजिनिअरिंगची फी भरायची होती. एकदा ती हॉस्टेलवर भेटायला आली, तर मी मित्रांना सांगितलं, गावाकडची मोलकरीण आहे. ती ऐकत उभी होती. एसटीचं तिकीट दाखवून म्हणाली, परतीचं काढलंय, निघते.

रचना त्यांच्या पायाशी बसली होती. आजी नाचायची याचं तिला काहीच वाटलं नाही. बाबांचा हात हातात घेऊन ती म्हणाली, "शी मस्ट हॅव बीन सो ब्रेव्ह. आणि तुम्ही सहावीत असताना गेली ना?"

हिशेब जुळत नाही हे तिला बोलता बोलताच कळलं. बाबा सहावीत असताना वारलेली आई इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर कशी येईल? तिनं हात सोडला.

"बाबा, व्हेन डिड शी डाय?"

"नव्याण्णव साली," शंकरराव म्हणाले. "गावाकडून पत्र आलं होतं."

"नाइन्टी-नाइन? मी हायस्कूलमध्ये होते. शी वॉज अलाइव्ह? तिला माझं नाव तरी माहीत होतं?"

"नाही."

पद्माबाईंनी कप टेबलावर ठेवला. लग्न झालं त्या वर्षापासून दर नोव्हेंबरला, नवऱ्यानं सांगितलेल्या तारखेला, त्या न पाहिलेल्या सासूचं पुण्यानुमोदन करत आल्या होत्या. पांढरी साडी नेसून, मेणबत्ती लावून, खीर रांधून चार घरी वाटत होत्या. नागपुरात केलं, मग इथे बर्फातही केलं.

"म्हणजे वीस वर्षं," त्या म्हणाल्या, "मी जिवंत बाईची खीर वाटली?"

शंकररावांना सॉरीसुद्धा म्हणता येईना.