सात माणसं आणि एक गादी

राजधानीत समुद्र सोडून सगळं मिळतं. समुद्र तिथून साडेतीन तासांवर, आणि गादीवाल्यांच्या घराला एवढं अंतर चाळीस वर्षांत कापता आलं नव्हतं. दर उन्हाळ्यात ठरायचं आणि दर उन्हाळ्यात बारगळायचं. या वर्षी मात्र लेकाने चालक सोडून आठ जागांची गाडी भाड्याने ठरवली. रविवारी सकाळी सहाला निघायचं, अंधार पडायच्या आत परत यायचं.

शनिवारी दुपारी थोरली पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली, तर टेबलावर लेकाचा कागद पडलेला. थोरली म्हणजे लेकाची आई आणि खालच्या गाद्यांच्या कारखान्याची मालकीण. माहेरी ती सगळ्यांत धाकटी होती. पण इथे तिच्यासमोर थोरलं व्हायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून गल्लीने तिचं नाव थोरली पाडलं.

कागदावर गाडीचं चित्र काढून आठ चौकोन आखले होते. थोरलीची शाळा दुसरीत सुटलेली, पण अक्षराला अक्षर जोडून ती वाचायची. लेक, सून, दोन नातवंडं, मुलगी-जावई, आणि खिडकीजवळ 'आई'. झाले सात. आठव्या चौकोनावर तिने बोट ठेवलं. गा. दी.

तिने पुन्हा वाचलं. गादीच होती.

"हे आठवं घर कुणाचं?" तिने विचारलं.

लेक सरकारी कचेरीत कारकून. कागद केला की काम झालं, अशी त्याची समजूत. "गादीचं. तुझ्यासाठीच गं. वाळूत बसलीस तर दोन दिवस पाठ धरून हिंडशील."

"आणि वन्सं?"

लेकाने बायकोकडे पाहिलं. सुनेने नळ मोठा सोडला.

"आत्याला दिसत नाही, आई. साडेतीन तास जायचं, साडेतीन तास यायचं. तिला इथलं काय आणि तिथलं काय, सारखंच."

"हे तिला सांगितलंस?"

"तू सांग ना. तुझं ऐकते ती."

"चाळीस वर्षांत एकदा ऐकलं असेल तर दाखव."

"गादी छपरावर बांधली तर?" सून नळाकडे बघत म्हणाली.

"गाडीवाला छपरावर चिंधीसुद्धा बांधू देत नाही."

"मग गादी नको. मी बसेन वाळूत."

"हो, आणि सोमवारी डॉक्टरकडे मी नेईन. सगळं तुझ्या सोयीसाठी केलंय आई, आणि तूच खोड काढतेस." लेकाने कागदाची घडी खिशात घातली. "आणि तूच म्हणाली होतीस ना, घरातलं आता तुम्ही ठरवा?"

गेल्या वर्षी, साठी ओलांडली तेव्हा, तिने चार शेजारणींसमोर घराच्या किल्ल्या सुनेच्या हातात दिल्या होत्या. आजपासून घरातलं तुम्ही बघा, मी चकार शब्द काढणार नाही, फक्त कारखाना माझा. काय रुबाबात म्हणाली होती. आता तो रुबाब अंगाशी आला होता. थुंकलेलं गिळायची तिला सवय नव्हती. तिने पाण्याचा पेला न पिताच उपडा केला आणि जिना उतरली. पायरीगणिक ती मनात चरफडत होती. स्वतःच्या हौसेला माझ्या पाठीचं नाव देतात. आंधळ्या बाईची जागा कापसाच्या गाठोड्याला देतात आणि वर म्हणतात, आई, तुझ्यासाठी.

खाली आत्या कामाला बसलीच होती. आत्या म्हणजे थोरलीची नणंद, लग्न न केलेली. एक डोळा गेलेला, दुसऱ्याला जाड पडद्यामागून दिसावं तसं दिसे, आणि तोही हिवाळ्यापर्यंतच, असं डॉक्टर म्हणाला होता. पण गादीचं काम डोळ्यांवर चालत नाही. उंच लाकडी चौकटीवर भरलेली गादी ताणून ठेवतात. एकजण वर वाकून वीतभर लांबीची सुई, तिला दाभण म्हणतात, आरपार खाली सोडते. दुसरी चौकटीखाली बसून तेच दाभण दोरा ओढून परत वर पाठवते. वर थोरली, खाली आत्या. चाळीस वर्षं एका दोऱ्याला दोन टोकांनी लटकलेल्या, आणि तेवढीच वर्षं भांडणाऱ्या. पण थोरलीने 'तुम्ही' सोडलं नाही आणि आत्याने 'तू' सोडलं नाही.

"उशीर केलास वहिनी," आत्या खालून म्हणाली. "समुद्र आटेल तोवर."

थोरलीने दाभण खाली सोडलं. चौकटीवर उद्याचीच गादी होती.

"सरळ सोड की. कुणावर चिडलीस?"

"तुमच्यावर. नेहमीसारखी."

"बरं." दाभण वर आलं. "रुंदी चार बोटं जास्त धरलीय मी. तुझ्या लेकाने एकटीपुरती सांगितली होती. पण मी म्हटलं, दोघींच्या पाठी मावायला हव्यात. तू लोळशील आणि मी काय वाळूत बसू?"

थोरलीचा हात थांबला.

"पाणी कुठे संपतं ते दिसतच नाही म्हणतात," आत्या म्हणाली. "डोळे असणाऱ्यांनाही दिसत नाही. म्हणजे तिथे मी आणि तू सारख्याच. एकदा तरी तुझ्या बरोबरीने बसेन. काय गं, दाभण गिळलंस की काय?"

"टाका मोजतेय."

"आजवर कधी मोजलास?"

थोरलीने पुढचा टाका घातला. काय सांगणार? वन्सं, ही गादी तुम्ही तुमच्याच जागेवर बसवायला शिवताय? शेवटचा टाका पडला, दोरा कापला, आणि तिचं लक्ष भिंतीवरच्या ठोकळ्याकडे गेलं.

त्या लाकडी ठोकळ्याला बारा भोकं होती आणि बारा दाभणं. रोज संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी ती मोजायची. एक जरी कमी भरलं तरी कुणी जागचं उठायचं नाही, आणि त्या दिवशी शिवलेली प्रत्येक गादी उसवायची. थोरलीच्या नवऱ्याच्या काळात एक दाभण गादीत राहून एका बाळंतिणीच्या पाठीत घुसलं होतं. तेव्हापासूनचा हा नियम, आणि तो घरातला नव्हता, कारखान्यातला होता.

आज एकच गादी शिवली होती.

आत्याने चाचपत बाराही दाभणं ठोकळ्यात खोचली आणि हात धुवायला गेली. थोरलीने त्यातलं एक उपसलं आणि आपल्या अंबाड्यात आडवं खुपसलं. पिकलेल्या केसांत ते बेमालूम बसलं. तिला जरासुद्धा लाज वाटली नाही. उलट, महिन्याभरात पहिल्यांदा पाठ हलकी वाटली.

संध्याकाळी सहा वाजता तिने लेक-सुनेला खाली बोलावलं आणि मोठ्याने मोजलं. अकरा.

"असू दे गं आई," लेक म्हणाला. "घरचीच गादी आहे, विकायची थोडीच."

"म्हणजे घरच्यांच्या पाठीत घुसलं तर चालेल? कातर आण."

तिने स्वतःच्या हाताने खोळ या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवली. कापूस जमिनीवर पसरला, सुनेच्या चपलांवर, लेकाच्या इस्त्रीच्या पँटवर चढला. सगळ्यांनी मुठीमुठीने तो पिंजून पाहिला. दाभण नव्हतंच तर सापडणार कुठून? आणि ही गादी आता सकाळपर्यंत काही उभी राहत नाही, हे सगळ्यांना कळत होतं. थोरली मनात म्हणाली, झालं काम.

तेवढ्यात लेक कापूस झटकत म्हणाला, "हे आत्याचंच काम. कुठेतरी पाडलं असणार. मी कधीपासून म्हणतोय, तिच्या हातात ही हत्यारं नकोत. आज घरची गादी होती म्हणून निभावलं. सोमवारपासून आत्याने दाभणाला हात लावायचा नाही. वर बसावं, आराम करावा."

आत्या भिंतीला टेकून उभी होती.

"मी बारा खोचली," ती म्हणाली. "बोट लावून मोजली."

"वाटलं असेल तुला, आत्या."

"मोजली रे मी." पण या वेळी आवाज खाली गेला. तिने आपली बोटं एकमेकांवर घासून पाहिली. बोटंच खोटं बोलू लागली की काय, असं तपासल्यासारखी. चाळीस वर्षांत या बाईला थोरलीने स्वतःवर शंका घेताना पाहिलं नव्हतं. थोरलीवर घेताना रोज पाहिलं होतं.

थोरलीला वाटलं, आपल्याच कानफटात मारावी. जागा मिळवायला निघाले आणि बाईचे हातच कापून दिले.

आता दोनच वाटा होत्या. गप्प बसलं तर स्वतःचा मान राहत होता. आजवर या घरात थोरली कधी चुकली नव्हती. निदान कुणी तसं म्हणायची हिंमत केली नव्हती. तिने अंबाड्यात हात घातला, दाभण ओढून काढलं आणि बाराव्या भोकात असं दाबलं की ठोकळा भिंतीवर आपटला.

कापसाचा एक पुंजका सुनेच्या नाकासमोरून सावकाश खाली आला.

"मी चोरलं," थोरली म्हणाली. "वन्संनी बाराच खोचली होती. त्यांचा हात आंधळा नाही. तुम्ही आंधळे आहात."

"पण का?" लेकाने विचारलं.

"कागद काढ. वाच आठवा चौकोन, त्यांच्यासमोर."

लेकाने खिशात हात घातला, पण कागद काही बाहेर येईना.

"नाही वाचवत? मग मी वाचते, दुसरी शिकलेली. वन्सं, उद्या सात माणसं आणि एक गादी समुद्रावर जाणार होती. तुमची जागा गादीला दिली होती, माझ्या पाठीच्या नावावर. मी घरातल्या कारभारात बोलणार नाही म्हटलं होतं, म्हणून कारखान्यातून बोलले. आता गादी नाही. जागा रिकामी आहे. ती कुणाची ते पोरा, तू तुझ्या तोंडाने सांग."

लेक कापसाकडे बघत म्हणाला, "आत्याची."

"ऐकू आलं नाही," थोरली म्हणाली.

"मला आलं," आत्या म्हणाली. ती भिंत सोडून पुढे आली, उसवलेली खोळ तिने चाचपली, आणि कापलेल्या कडेवरून बोट फिरवत गेली. "पण तू मला आधी का नाही सांगितलंस, वहिनी? दोन तास त्या गादीखाली बसवलंस मला. माझ्या तोंडून समुद्राच्या गप्पा काढून घेतल्यास."

थोरली खाली वाकून कापूस गोळा करू लागली.

"आणि कापलीस तीही वाकडी," आत्या म्हणाली. "खिडकी मला हवी."

"खिडकी माझी आहे. कागदावर लिहिलंय."

"मला कागद दिसत नाही."

सुनेने तोंडावर हात धरला. थोरलीने लेकाच्या खिशातून कागद ओढला, त्याचा बोळा केला आणि कापसात टाकला. "घ्या खिडकी. पण वाटेत उलटी झाली तर माझ्या अंगावर नको."

"तुझ्याच अंगावर करणार," आत्या म्हणाली. "आणि सोमवारी ही गादी तू चौकटीखाली बसून शिवायचीस. वरून दाभण मी सोडेन. चार बोटं जास्तच धर."