सरांच्या पायाखालचा ब्रेक

मित्रांनो, गाडीत ब्रेक एकच असतो असं तुम्हाला वाटत असेल, तर त्यात तुमची काही चूक नाही. तुमच्या घरच्या गाडीत एकच असतो. मी मात्र ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत राहतो आणि तिच्यात ब्रेक दोन आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसणाऱ्या सरांच्या पायाशी. त्यातला दुसरा, रबर झिजलेला, किंचित कुरकुरणारा म्हातारा ब्रेक म्हणजे मी.

माझा जन्म जालन्याचा. तिथे भंगार वितळवून सळया करणारे मोठे कारखाने आहेत. त्यांच्याच आसपासच्या एका वर्कशॉपमध्ये एका वेल्डरने लोखंडाची पट्टी कापून, वाकवून मला घडवलं. त्याआधी मी कशाचा तुकडा होतो, देव जाणे. घनसावंगीच्या अंगद सरांनी आपली पांढरी गाडी तिथे आणली होती. वेल्डरने मला डाव्या सीटपुढे बसवलं आणि एका सळईने पलीकडच्या ब्रेकशी जोडून दिलं. तिकडचा दाबला की मी हलतो, मला दाबलं की तिकडचा दबतो. सरांनी तीनदा पाय देऊन पाहिला आणि म्हणाले, "बराबर. आता कोणालाबी शिकवतो."

पावलांपलीकडचं मला काही दिसत नाही. पण कान तिखट आहेत, आणि त्या सळईमुळे शिकणाऱ्याच्या पायातली धाकधूक थेट माझ्यापर्यंत पोचते. पहिल्या दिवशी सगळ्यांचे पाय सारखेच थरथरतात, मग माणूस केवढा का मोठा असेना.

चुका मात्र ज्याच्या त्याच्या वेगळ्या. हरिओम नावाचा एक शेतकरी आला होता. लहानपणापासून ट्रॅक्टर चालवलेला, त्यामुळे भीती कशाची म्हणून नाही. पण गाडी सुरू झाली की हा गडी अर्धा वळून मागेच बघत बसायचा. सरांनी विचारलं तर म्हणाला, "सर, नांगर बराबर लागला का न्हाई, बघावं लागतं ना." सर म्हणाले, "अरे बाबा, मागं नांगर न्हाई, डिक्की हाय. समोर बघ, उसाची ट्रॉली येऊन राह्यली!" आणि दणकन पाय माझ्यावर.

बँकेतले गिरिधर साहेब याच्या उलट. रस्त्यावरच्या सगळ्या खुणा तोंडपाठ, प्रत्येक म्हशीसाठी इंडिकेटर. पण समर्थ रामदासांच्या जन्मगावाची, जांब समर्थची कमान आली की साहेबांनी ष्टेरिंग सोडून दोन्ही हात जोडलेच. गाडी निघाली सरळ नालीकडे. मी होतो म्हणून निभावलं. सर शांतपणे म्हणाले, "साहेब, देव काय हात मोजून राह्यला न्हाई. गाडी कडंला उभी करा, उतरा, बिलकुल साष्टांग घाला."

मित्रांनो, खरं सांगतो, त्या वर्षांत मी घमेंडखोर झालो होतो. आज मी किती वेळा वाचवलं, याचा हिशोब मी मनाशी ठेवायचो. आणि तरी दसऱ्याला झेंडूचा हार बॉनेटला, हळदकुंकू ष्टेरिंगला. मला कोणी विचारायचं नाही. माझ्याखाली शेंगांची टरफलं पडायची. एकदा तर पाण्याची रिकामी बाटली घरंगळत आली आणि नेमकी माझ्या मागे अडकली. त्या दिवशी सरांनी दाबूनही मी पुरता दबलो नाही. एक शेळी थोडक्यात वाचली. त्या संध्याकाळी सरांनी स्वतः खाली वाकून सगळं साफ केलं, तेव्हा कुठे माझा राग गेला.

मग दैवशाला आली.

तिची जोडवी मी आधी ऐकली. चप्पल काढून ती बसली आणि जोडवी तिकडच्या ब्रेकवर टिणकन वाजली. ती आष्टीच्या बाजूच्या एका खेड्यातली सून. तिचा नवरा, कल्याण नावाचा, चाकणला कारखान्यात कामाला. त्याने आईवडिलांसाठी घेतलेली गाडी दारात उभी होती, पण चालवणारं घरात कोणी नव्हतं. आणि सासूबाईंना, नंदाबाईंना, मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला जालन्याला न्यावं लागायचं. तासा-दीड तासाची वाट. गावातला ड्रायव्हर मिळाला तर पाळी साधायची, नाही मिळाला तर म्हातारीचे पाय सुजायचे. सासरे रामकिसन यांनीच एक दिवस म्हटलं होतं, "दैवशाला, तूच शीक."

शिकायला ती चलाख निघाली. क्लच सोडताना सगळे घाई करतात, हिने केली नाही. तिचा पाय ब्रेकवर अलगद यायचा, म्हशीच्या कासेला हात लावावा तसा. दोन आठवड्यांत माझं काम इतकं कमी झालं की मला करमेना. पण एक चूक तिच्या हाडीमाशी होती. रस्त्यात नात्यातलं कोणी वडीलधारं दिसलं की तिचा हात ष्टेरिंगवरून सुटायचा आणि डोक्यावर पदर घ्यायला जायचा.

"ताई, हात कुठं गेला?" सर ओरडायचे.

"सर, ते आमचे चुलत सासरे गेले ना समोरून. पदर घ्यावा लागतो."

"मंग गाडीनं काय करावं तेवढा येळ? तिनंबी पदर घ्यावा का?"

ती हसायची. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हाताची सवय डोक्याचं ऐकत नाही, हे मी तिच्याकडूनच शिकलो.

आमच्याकडे महिन्यातून एकदा आरटीओचे साहेब शिबिराला येतात. मैदानात पांढऱ्या फक्कीने आठाचा आकडा आखतात आणि एकेकाची परीक्षा घेतात. त्या दिवशी सर बाहेर उभे राहतात आणि सरांच्या जागी, म्हणजे माझ्यापाशी, साहेब बसतात. नियम साधा आहे. साहेबांना माझ्यावर पाय द्यावा लागला, की शिकणारा नापास.

दैवशालाने आठाचा पहिला फेरा सुरेख काढला. साहेबांचा काळा बूट माझ्यापासून लांब, निवांत पडला होता. दुसऱ्या फेऱ्याला गाडी वळली आणि मला एकाएकी तिचा पाय गोंधळलेला जाणवला. मैदानाच्या कडेला तिचे सासरे, रामकिसनमामा, येऊन उभे होते, हे मला मागाहून कळलं. सुनेची परीक्षा बघायला मोठ्या हौसेने आले होते बिचारे. तिचा हात गेला पदराकडे. गाडी सरळ झाली, फक्कीची रेघ ओलांडून बघ्यांच्या दिशेने निघाली. काळा बूट माझ्यावर आदळला.

"नापास," साहेब म्हणाले. "पुढच्या महिन्यात या."

आयुष्यात पहिल्यांदा मला दाबलं गेल्याचं वाईट वाटलं. गाडी मी थांबवली होती, आणि तिचं लायसनही मीच थांबवलं होतं.

परत येताना दैवशाला म्हणाली, "सर, कशानं नापास झाले ते मामांना सांगू नका. त्यांच्या जिवाला लागंल."

पंधरा दिवसांनी दुपारी गाडी ऑफिससमोर दार उघडं टाकून उभी होती. भेगाळलेल्या टाचा आणि धुळीने माखलेल्या दोन वहाणा माझ्यासमोर येऊन थांबल्या. रामकिसनमामा होते.

"अंगद, खरं सांग. पोरीला गाडी जमत न्हाई का?" त्यांचा आवाज खोल गेला होता. "काल म्हातारीची डायलिसिसची पाळी चुकली. डायवर लग्नाला गेल्ता. रातभर धाप लागली तिला. जमणार नसंल तर तसं सांग, कल्याणला नोकरी सोडून बोलावून घेतो. दुसरा इलाज न्हाई."

सर म्हणाले, "काका, तिला गाडी पक्की जमती. तुमच्यासमोर उघड्या डोक्यानं बसणं जमत न्हाई."

आणि त्यांनी मैदानावरचं सगळं सांगितलं. मामांच्या वहाणा जागच्या जागी खिळल्या. उजव्या पायाचा अंगठा तेवढा मातीत रुतत होता. एवढंच मला दिसत होतं, पण तेवढ्यावरून कळत होतं.

"उद्या मी मागं बसतो गाडीत," शेवटी ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मामा मागच्या सीटवर बसले आणि दैवशालाची पार गाळण उडाली. गिअर खरखरला. पहिल्याच वळणावर मामा खोकले, तिचा हात पदराला गेला, गाडी झोकांडली आणि सरांनी मला दाबलं.

"कडंला घे गाडी," मामा म्हणाले.

तिने इंडिकेटर देऊन गाडी उसाच्या फडाजवळ उभी केली. तिचा पाय ब्रेकवर लटलट कापत होता.

"दैवशाला, कापूस येचाया जातीस तव्हा पदर कुठं असतो तुझा?"

"कमरंला खोचलेला, मामा."

"मी असतो ना तिथं?"

"असता की."

"कवा काही म्हणलो का?"

"न्हाई."

"मंग हे बी कामच हाय. खोच कमरंला." मागची सीट कुरकुरली, मामा पुढे झुकले होते. "तुझ्या आत्याबाईला येळेवर दवाखान्यात पोचीव. माझा मान त्याच्यातच हाय, पदरात न्हाई."

मला लुगड्याची सळसळ ऐकू आली. तिने पदर कमरेला खोचला होता. तिच्या पायातली थरथर हळूहळू थांबली, आणि मित्रांनो, मला लोखंडाला भरून आलं.

त्यानंतर शिबिरापर्यंत मामा रोज मागे बसले. आणि नुसते बसून राहिले नाहीत. वळण आलं की मुद्दाम खोकायचे. खेडं आलं की म्हणायचे, "ते बघ, रामराव उभेत. पाटलाचा म्हाताराबी हाय." पहिले चार दिवस तिचा हात दचकून उठायचा आणि अर्ध्यातून परत यायचा. मग नुसती बोटं हलायची. मग तेही थांबलं. एकदा मामा इतके खोकले की सरांनी विचारलं, "काका, औषध आणू का?" दैवशाला खळखळून हसली, पण नजर रस्त्यावरून हलवली नाही.

शिबिराचा दिवस आला. काळा बूट माझ्याशेजारी येऊन बसला. मामा मैदानाच्या कडेला त्याच जागी उभे होते. पण या खेपेला त्यांच्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत नंदाबाईही बसल्या होत्या. हट्ट करून आल्या होत्या. सासूला तिथे बघून दैवशालाच्या तोंडून "आत्याबाई!" एवढं हळूच निसटलं, म्हणून मला कळलं.

पहिला फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्याला गाडी त्यांच्या दिशेने वळली. आणि बांगड्या किणकिणल्या, तिचा एक हात ष्टेरिंगवरून उठला.

बूट सरकन माझ्यावर आला. रबराला टेकला. इतकी वर्षं मी दाबलं जाण्यात मोठेपणा मानत आलो होतो. त्या क्षणी मात्र मी मनोमन विनवणी केली, नको, साहेब, नको.

तिचा हात खाली आला, तो गिअरवर. दुसरा गिअर पडला. हात परत ष्टेरिंगवर गेला आणि गाडी फक्कीच्या दोन्ही रेघांच्या मधून पाण्यासारखी वळली. बूट माझ्यावरून उठला. पुढे रिव्हर्स झाला, चढावर थांबून पुन्हा निघणं झालं. चढावर बहुतेकांची गाडी मागे घसरते. हिची वीतभरही हलली नाही.

"पास," साहेब म्हणाले. "चांगली चालवता, ताई."

तिने हँडब्रेक ओढला, गाडी बंद केली आणि उतरली. साहेब उतरून गेले होते, माझ्या बाजूचं दार उघडंच राहिलं होतं. कमरेचा पदर सोडून, डोक्यावर घेऊन ती दोघांच्या पायांशी वाकली, ते मला अगदी समोर दिसलं.

"हे काय? आता घेतलास का पदर?" नंदाबाई म्हणाल्या.

"आता गाडी बंद हाय," मामा म्हणाले. "घेऊ दे."

दैवशाला त्यानंतर आमच्या गाडीत बसली नाही. तशी गरजच उरली नाही. पण लायसन हाती आल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी सर सकाळपासून अस्वस्थ होते. एका शिकाऊ मुलीला जांबच्या रस्त्याला नेलं, तर उगाच दोनदा पाय माझ्यावर ठेवला. तिकडे, तिच्या घरच्या गाडीत, शेजारून ब्रेकवर पाय ठेवायला कोणी नव्हतं, मीही नव्हतो. दुपारी गाडी कडेला उभी असताना सरांचा फोन वाजला, तेव्हाही त्यांचा पाय माझ्यावरच होता. पलीकडे दैवशाला होती.

"सर, पोचलो. पाळीच्या अर्धा तास आधी. आत्याबाईला आत घेतलं बी."

"वाटंत काही तरास झाला का? मामा काही म्हणले का?"

"कशाचं काय, सर! अंबडच्या अलीकडंच त्यांची मान कलंडली. पार जालन्यापोत्तर घोरत आले. आता उठवून चहा पाजते."

सर मोठ्याने हसले आणि त्यांनी पाय माझ्यावरून काढून घेतला.

मित्रांनो, लायसन अनेकांना मिळतं. तुम्हालाही मिळेल. देवाला हात जोडायचे असोत, मोठ्यांना मान द्यायचा असो, नाही तर फोनवर कोणाला उत्तर द्यायचं असो, ते सगळं गाडी उभी करून करा. आणि गाडी अशी चालवा, की मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या माणसाला बिनघोर झोप लागावी.