द्राहोमीराबाईंचा कोमट हौद

"हौदाचं पाणी उन्हाने तापवायचं? इथे?" ओताकारला इतकं हसू आलं की हातातला कॉफीचा कप त्याला खाली ठेवावा लागला. "अहो शेजारीणबाई, आपल्या विसोचिनाच्या डोंगरावर सूर्य पाहुण्यासारखा येतो. अंगातला कोटसुद्धा न काढता उठून जातो."

द्राहोमीराबाई हसल्या नाहीत. त्यांनी काठी आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाला टेकवली आणि सरळ मुद्द्याला हात घातला. "डॉक्टर म्हणाले, कोमट पाण्यात रोज अर्धा तास चाला, नाहीतर ही काठी जन्माची सोबतीण. शहरातल्या गरम हौदाला जायचं तर दोन बस बदलाव्या लागतात, आणि बसच्या पायऱ्या या खुब्याला चढवत नाहीत. हौद माझ्या परसात आहे. पाणी थंड आहे, एवढाच काय तो प्रश्न."

हौद होता खरा. त्यांच्या नवऱ्याने, रुडॉल्फने, वारण्याआधी स्वतः खणलेला. त्याला सरळ रेषांचा कंटाळा, म्हणून आकार राजम्याच्या दाण्यासारखा. जुलैतही त्याचं पाणी अठरा अंशांच्या वर चढत नसे. पाहुणे उडी मारायचे, किंचाळायचे आणि बाहेर यायचे.

ओताकारने गावच्या शाळेचं बॉयलरघर छत्तीस वर्षं सांभाळलं होतं. उष्णता म्हणजे कोळसा, धूर आणि घाम, हे त्याचं शास्त्र. पण बाई चाळीस वर्षं गावाचे कपडे शिवत आलेल्या. त्याच्या लग्नाचा कोटसुद्धा त्यांच्याच हातचा. नाही कसं म्हणणार? बाईंची हौस एकदा फिटली की झालं, असं मनाशी म्हणत तो कामाला लागला.

एप्रिलच्या मध्यावर बाईंच्या शेडच्या दक्षिणेकडच्या छपरावर काळ्या पाइपांची वेटोळी बसली, एकेक चकलीसारखी गोल. हौदातलं पाणी पंपाने वर चढायचं, वेटोळ्यांतून फिरायचं आणि तापून खाली यायचं. पहिल्याच दिवशी लख्ख ऊन पडलं. परत येणाऱ्या पाण्याखाली हात धरला आणि ओताकारच्या तोंडून "अरेच्चा!" निघून गेलं. संध्याकाळपर्यंत हौद साडेतेरावरून पंधरावर गेला.

सकाळी पुन्हा साडेतेरा.

"बघा," ओताकार म्हणाला. आवाजातला आनंद त्याला काही लपवता आला नाही. "म्हटलं नव्हतं?"

बाईंनी थर्मामीटर पुसून खिशात टाकला. मग म्हणाल्या, "म्हणजे सूर्य देतोय, शेजारी. सांडतोय आपण."

"काय?"

"रात्रभर उघड्या अंगाने झोपलं तर माणूसही गारठतं. याला पांघरूण हवं."

दुकानातली पांघरुणं सगळी चौकोनी. राजम्याच्या आकाराचं कोण विकणार? बाईंनी फुगे असलेल्या जाड प्लास्टिकचा मोठा ताव मागवला आणि आधी वर्तमानपत्रं चिकटवून हौदाचा नमुना कापला. खाली वाकणं त्यांना शक्य नव्हतं. त्या खुर्चीवर बसून सांगायच्या आणि ओताकार हौदाच्या काठाने गुडघ्यांवर रांगायचा.

"डावीकडे दोन बोटं आत घ्या. तिथे पोट सुटलंय."

"माझं की हौदाचं?"

"दोघांचंही. पण आज फक्त हौदाचं माप घ्यायचंय."

मग त्यांनी जुन्या छत्रीकापडाची पट्टी लावून कडा शिवल्या. मशीनची सुई तीनदा मोडली, पण टाका सुटला नाही. फुगे खाली करून ते पांघरूण पाण्यावर पसरलं तेव्हा कुठेही बोटभर फट नव्हती. ओताकार काठाने एक पूर्ण फेरी मारून आला. त्याला आपल्या लग्नाचा कोट आठवला. तोही असाच बसला होता, जणू अंगावरच उगवलेला.

आता दिवसभरात मिळवलेलं सकाळपर्यंत टिकू लागलं. ढगाळ दिवशी काटा जागच्या जागी, उन्हाच्या दिवशी अंशभर वर. मेच्या दहा तारखेला पाणी चोवीसवर आलं. गुत्त्यातली मंडळी ओताकारला विचारू लागली, "काय रे, सूप किती वाजता वाढतोस?" तो खुशाल म्हणायचा, "तुमचे वाडगे घेऊन या."

आणि मग बर्फाचे संत आले. पांक्राच, सेर्वाच आणि बोनिफाच या तिघांचे ते तीन दिवस मेच्या मध्यावर येतात, आणि दरवर्षी रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीने कुणाचे ना कुणाचे टोमॅटो मारून जातात. ओताकारने स्वतःच्या टोमॅटोंवर गोणपाट टाकलं, पंप बंद केला आणि निश्चिंत घरी गेला. छपरावरची वेटोळी पाण्याने भरलेली आहेत, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. सकाळी येऊन बघतो तर पाइप सात ठिकाणी फाटलेले, आणि बर्फ वितळेल तसं पाणी छपरावरून टपटपतंय.

छत्तीस वर्षांत त्याच्या हातून एक पाइप फुटला नव्हता. तो शेडपाशी टोपी हातात घेऊन उभा राहिला. बाई काठी टेकत आल्या तेव्हा त्याला मान वर करवेना.

"चूक माझी. रात्रीचे रिकामे करायला हवे होते."

"वेटोळी रिकामी होतात?"

"आपोआप नाही. फुंकून काढावं लागतं."

"मग रोज संध्याकाळी छपरावर चढून फुंकणार? या वयात?" बाईंनी वर बघितलं. रागाचा मागमूस नव्हता. कापड बेतताना असायची तशी त्यांची नजर होती. "शेजारी, ओली चादर घडी करून ठेवली तर आठवडाभर ओलीच राहते. तीच दोरीवर लांब सोडली तर सगळं पाणी निथळून जातं. हे पाइप तुम्ही घडी करून का ठेवलेत?"

ओताकारने छपराकडे बघितलं. क्षणात सगळं त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. खाली एक जाड पाइप, वर एक जाड पाइप, मध्ये कंगव्याच्या दातांसारखे सरळ बारीक पाइप, सगळे उतारावर. माथ्यावर हवा आत घेणारी एक छोटी झडप. पंप थांबला की पाणी आपल्या पायांनी हौदात परत. हे आपल्याला का सुचू नये? स्वतःचा राग आला त्याला, पण त्याहून जास्त आला अचंबा. ही बाई जन्मात कधी बॉयलरघराची पायरी चढली नव्हती.

"शेजारीणबाई," तो म्हणाला, "तुम्ही शाळेत असतात तर माझा निम्मा कोळसा वाचला असता."

"आणि तुमचे कपडे कोणी शिवले असते? चला, शिडी लावा."

फाटलेले तुकडे कापून टाकून उरलेल्या पाइपांचा कंगवा करायला आठवडा लागला. मेच्या अखेरीला एका रात्री पुन्हा गोठलं. पहाटे ओताकार घरातल्या चपलांवरच उतारावरून धावत आला. पाइप कोरडे, ठणठणीत. पांघरुणाचा कोपरा उचलला तर वाफ त्याच्या चष्म्यावर आली. पंचवीस! तो एकटाच परसात उभा राहून मोठ्याने हसला.

जूनच्या पहिल्या सोमवारी पाणी सत्तावीसवर होतं. बाई निळ्या टोपीत, शिडीचा दांडा धरून, एकेक पायरी आत उतरल्या. पाणी छातीपर्यंत आलं तसे त्यांचे खांदे सैल झाले. पहिली फेरी त्यांनी काठ धरून मारली, तिसरी न धरता. ओताकारने पाठ फिरवून पंप तपासायला घेतला. पंपाला काहीही झालं नव्हतं.

जुलैत सरपंच आले, पाण्यात कोपर बुडवून म्हणाले, "ओताकार, माझ्याकडेही असंच करून दे बाबा. तुझ्यासारखा कारागीर नाही."

"मी पाइप धरले," ओताकार म्हणाला. "डोकं हवं असेल तर त्या बाईंना विचारा. आणि माप त्या स्वतः घेतील. त्यांच्या मापाशिवाय मी शिडीला हात लावणार नाही."

त्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून आणखी तीन हौद तापवले. बाई सप्टेंबरच्या अखेरपर्यंत रोज पाण्यात चालल्या.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी ओताकार खिडकीपाशी दाढी करत होता. त्याचं घर गावाच्या वरच्या टोकाला, चढण उभी. त्या चढणीवरून द्राहोमीराबाई येत होत्या. हळू, मध्ये थांबत, एक हात कोटाच्या खिशात आणि दुसरा मोकळा. त्याला वाटलं धावत जाऊन हात द्यावा. तो गेला नाही. त्याने अर्धवट दाढी पुसली, कॉफीचं पाणी चुलीवर ठेवलं आणि दार उघडून उंबऱ्यात वाट बघत उभा राहिला.