बॉक्सरूममधलं झाड

पद्मजाच्या हातून आजवर एकही झाड जगलं नव्हतं. पुण्यात गॅलरीतली तुळस वाळली, आणि आयर्लंडला आल्यावर नास गावातल्या घरात आणलेली प्रत्येक कोथिंबिरीची कुंडी आठवड्याभरात माना टाकायची. म्हणून २०२०च्या ऑगस्टमध्ये तिनं नवऱ्याला सांगितलं, "मी घरात गांजाचं एक झाड लावणार आहे," तेव्हा विनयला ती थट्टा वाटली. तो हसला आणि लॅपटॉपकडे वळला.

"मी गंमत करत नाहीये," ती म्हणाली.

तिला मल्टिपल स्क्लेरोसिस होऊन चार वर्षं झाली होती. चालता यायचं, पण काठी लागायची. खरा त्रास संध्याकाळनंतर व्हायचा. पिंडऱ्या आणि मांड्या लाकडासारख्या ताठ व्हायच्या, मग आतून कुणी पीळ घालावा तसे झटके यायचे. त्यावरच्या गोळ्यांनी डोकं इतकं जड व्हायचं की सकाळच्या मीटिंगमध्ये ती वाक्य सुरू करायची आणि शेवट विसरायची. ती एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायची. लोकांच्या चुका शोधणं हे तिचं काम, आणि आता लोक तिच्या चुका झाकत होते. हे तिला दुखण्यापेक्षा जास्त लागत होतं.

झूमवर अशाच आजाराच्या लोकांचा एक गट होता. त्यातली लिमरिकची एक बाई म्हणाली होती की घरच्या झाडानं तिचे पाय संध्याकाळी सैल पडतात. पद्मजानं मग वाचायला सुरुवात केली. शोधनिबंध वाचले, अनुभव वाचले, कायदाही वाचला. न्यूरॉलॉजिस्टला फोनवर विचारलं. असं औषध खास परवानगी काढून मिळू शकतं हे त्यांनी मान्य केलं, पण आपण आजवर कुणासाठी ती मागितलेली नाही, आणि तुमच्यासाठी मागावी असंही वाटत नाही, असं ते म्हणाले. त्यांचा आवाज सौम्य होता. नकार मात्र स्पष्ट होता.

"अगं, पुढच्या वर्षी सिटिझनशिपचा अर्ज करायचाय आपल्याला," विनय म्हणाला. "एक केस झाली की संपलं सगळं. आणि मुक्ता? तिच्या शाळेत कळलं तर?"

"सगळा विचार केलाय मी. तू हात लावू नकोस, पाणीसुद्धा घालू नकोस. जे होईल ते माझ्या नावावर."

"घर एकच आहे, पद्मजा. नाव वेगळं कसं ठेवणार?"

तरी तिनं बिया मागवल्या.

नास ज्यात येतं त्या किल्डेअर काउंटीत तेव्हा कोविडची टाळेबंदी पुन्हा लागलेली होती. कुणी कुणाकडे येत-जात नव्हतं. गरम पाण्याची टाकी असलेल्या कपाटात, ज्याला इथे हॉट प्रेस म्हणतात, तिथे टॉवेलांच्या बाजूला तिनं ओल्या टिश्यूत बिया ठेवल्या. दोन कुजल्या. एक तडकली आणि तिच्यातून पांढरा कोंब निघाला. तो मातीत लावून तिनं कुंडी बॉक्सरूममध्ये नेली. पाळणा मावेल एवढीच ती वरच्या मजल्यावरची खोली. तिथल्या जुन्या कपाटात तिनं दिवा टांगला आणि एक छोटा पंखा बसवला.

सुरुवातीला तिनं तेच केलं जे कोथिंबिरीचं केलं होतं. मायेनं पाणी घातलं, पुन्हा घातलं. पानं लोंबायला लागली. मग ती शिकली की माती बोटानं चाचपायची, कुंडी उचलून तिचं वजन बघायचं, आणि पाणी न घालता परत जायचं. हे परत जाणं तिला सगळ्यात अवघड गेलं. जिन्याच्या पायऱ्या कठड्याला धरून चढायच्या, वर पोचल्यावर दम खायचा, बोट मातीत घालायचं, ओल लागली की तसंच खाली उतरायचं. विनय खालून बघायचा. मदतीला पुढे यायचा नाही, कारण तिनं बजावलं होतं. पण ती उतरेपर्यंत तो जिन्याखालीच काहीतरी काम काढून थांबायचा.

पानांच्या कडा पिवळ्या पडल्या तेव्हा तिनं खत बदललं. झाड दिव्याला चिकटायला लागलं तेव्हा शेंडा वाकवून सुतळीनं बांधला. मग एक दिवस फांद्यांच्या सांध्यात पांढरे, केसांसारखे तंतू दिसले. मादी झाड होतं ते. नर असतं तर औषधी फुलं आलीच नसती, उपटूनच टाकावं लागलं असतं. ती कपाटासमोर जमिनीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही. पाय दुखत होते म्हणून नव्हे, फक्त बघत राहावंसं वाटलं म्हणून.

फुलं धरायला रोज ठरावीक तास अखंड अंधार लागतो. तिनं कपाटाच्या फटींना काळी चिकटपट्टी लावली आणि बारा वर्षांच्या मुक्ताला समोर बसवून सगळं खरं सांगितलं. कपाट उघडायचं नाही, आणि याविषयी बाहेर बोलायचं नाही.

"आय नो, आई," मुक्ता म्हणाली. "द होल लँडिंग स्टिंक्स."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

मुक्तानं खांदे उडवले. "यू वर माइंडिंग इट. यू लुक्ड ग्रँड." तू त्याला जपत होतीस आणि खुशीत दिसत होतीस, असं तिच्या आयरिश इंग्रजीत तिला म्हणायचं होतं.

नोव्हेंबरच्या अखेरीला पद्मजानं खालच्या तयार फांद्या कापून वाळवल्या. बाकीचं झाड अजून पिकायचं होतं. ओढायची सवय तिला कधीच नव्हती. तिनं लोणी कढवलं आणि तुपात तो पाला मंद आचेवर मुरवून गाळून घेतला. तूप हिरवट झालं. पहिल्या संध्याकाळी तिनं वरणभातावर अगदी थेंबभर घेतलं आणि काहीच झालं नाही. पुढे हळूहळू वाढवलं. एका संध्याकाळी ती मुक्ताचा गणिताचा गृहपाठ बघत बसली होती, आणि मध्येच तिच्या लक्षात आलं की आपण पायांचा विचार केलेलाच नाही. तिनं गणित संपवलं.

विनयला ते तिच्या चालण्यावरून कळलं. दुसऱ्या दिवशी तिनं भात लावला तेव्हा तुपाची बरणी त्यानं स्वतः ओट्यावर काढून ठेवली.

डिसेंबरमध्ये घर तापवणारा बॉयलर बंद पडला. घर गारठलं, आणि गारठ्यानं तिचे पाय आणखी आखडले. दुरुस्तीला आलेला माणूस म्हणाला की प्रत्येक रेडिएटर बघावा लागेल. एक रेडिएटर बॉक्सरूममध्ये होता. कपाट बंद होतं, पण वासाला कपाट पुरत नाही. त्या माणसानं रेडिएटरमधली हवा काढली, हत्यारं गोळा केली आणि बाहेरच्या थंडीपावसाबद्दल चार शब्द बोलून निघून गेला.

नाताळच्या आधी, भर दुपारी, दोन गार्ड, म्हणजे इथले पोलीस, दारात उभे राहिले. एक तरुण बाई, एक वयस्क सार्जंट. दोघांच्याही तोंडावर मास्क, हातात झडतीचं वॉरंट. कुणी सांगितलं ते त्यांनी सांगितलं नाही. दुरुस्तीवाला असेल, शेजारची नोरीन असेल, रस्त्यानं जाणारं कुणी असेल. विनय नंतर कित्येक दिवस यावर डोकं शिणवत राहिला. पद्मजानं एकदाही विचारलं नाही.

झाड सापडायला वेळ लागला नाही. सार्जंटनं कपाट उघडलं, दिव्याच्या उजेडात उभं असलेलं ते एकच झाड बघितलं आणि मागे आणखी काही आहे का म्हणून वाकून पाहिलं. काही नव्हतं.

"हे कुणाचं?" त्यानं विचारलं.

"माझं," विनय म्हणाला.

पद्मजा जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर कठडा धरून उभी होती. ती चमकली. विनयचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तो सार्जंटकडेच बघत होता.

"त्याचं नाही," ती म्हणाली. "त्यानं कधी हातही लावलेला नाही. माझं आहे."

"पद्मजा, गप्प बस," तो मराठीत म्हणाला.

"तू खोटं बोलायचं नाहीस. मी सांगितलं होतं तुला." मग ती इंग्रजीत सार्जंटला म्हणाली, "बी मी लावलं, वाढवलं मी. हवं तर काय काय केलं ते सगळं सांगते."

तरुण गार्डनं तिच्यासाठी खालून खुर्ची आणली. नंतर सगळे खाली आले, आणि पद्मजाला टेबलापाशी बसवून त्या गार्डनं स्वयंपाकघरातली कपाटं बघायला सुरुवात केली, तेव्हा तुपाच्या दोन बरण्या निघाल्या. तिनं दोन्ही उजेडात धरून बघितल्या.

"हे काय?"

"तूप. आम्ही जेवणात घेतो," विनय घाईनं म्हणाला.

गार्डनं मान हलवून बरण्या परत ठेवल्या. ती पुढच्या कपाटाकडे वळणार, एवढ्यात पद्मजा उठली, काठी टेकत ओट्यापाशी गेली आणि हिरवट तुपाची बरणी तिच्यासमोर ठेवली.

"ही साधी नाही. ही पण न्या."

ती बाई तिच्याकडे बघत राहिली. "हे तुम्ही सांगितलं नसतं तरी चाललं असतं," ती हळूच म्हणाली.

"मला नसतं चाललं."

ते झाड आणि ती बरणी घेऊन गेले. विनय टेबलापाशी बसला आणि त्यानं डोकं हातात धरलं. "ती बरणी तरी ठेवायची होतीस," तो म्हणाला. "निदान महिनाभर झोपली असतीस."

"चोरून ठेवली असती तर मी जे केलं ती चोरीच झाली असती."

"आणि आता?"

"आता मी जे सांगेन त्यावर कुणाला शंका घेता येणार नाही."

त्या रात्रीपासून झटके पुन्हा सुरू झाले.

वकील मिळाली ती डर्व्हला नावाची, चटपट बोलणारी बाई. ती म्हणाली, गुन्हा कबूल करा, माफी मागा, डॉक्टरांचं पत्र जोडा, सुटाल. पद्मजा म्हणाली, "कबूल करते. माफी कशाची मागू?" डर्व्हलानं विनयकडे बघितलं. विनय म्हणाला, "माझ्याकडे बघू नका. मी हरलोय आधीच." आणि बऱ्याच दिवसांनी तो थोडा हसला.

एप्रिलमध्ये नासच्या कोर्टात तिचा नंबर आला. अंतर ठेवून बसलेली माणसं, उघड्या खिडक्या, थंडी. तिनं गुन्हा कबूल केला. न्यायाधीशबाईंनी तब्येतीचे कागद वाचले आणि विचारलं, "पुन्हा झाड लावणार नाही, असं वचन देता?"

डर्व्हलानं हो म्हणायची खूण केली. पद्मजा काठीवर भार देऊन उभी होती.

"औषध म्हणून दुकानातून मिळालं तर कधीच लावणार नाही," ती म्हणाली. "मिळालं नाही तर काय करीन, ते आज सांगता येत नाही. इथे उभं राहून खोटं बोलायचं नाही मला."

डर्व्हलानं डोळे मिटले. न्यायाधीशबाईंनी हातातले कागद बाजूला ठेवले.

"हे उत्तर तुमच्या फायद्याचं नाही, हे कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"तुमच्या डॉक्टरांनी कायदेशीर परवानगीसाठी प्रयत्न केलाय?"

"मी विचारलं होतं. ते नाही म्हणाले."

"मग पुन्हा विचारा." त्यांनी प्रकरण ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकललं. "तोवर घरात काही उगवलं, तर मला वेगळा विचार करावा लागेल."

तो उन्हाळा कठीण गेला. मराठी मंडळाच्या ग्रुपवर बातमी पोचली होती. कुणी थेट काही बोललं नाही, पण मुक्ताला वाढदिवसाची बोलावणी येईनाशी झाली. मे महिन्यात एका संध्याकाळी पाय इतके आखडले की विनयला तिला उचलून पलंगावर ठेवावं लागलं. तो शेजारी बसून तिच्या पिंडऱ्या चोळत होता.

"बिया मागवू का?" तो म्हणाला. "या वेळी मी लावतो."

तिनं त्याच्याकडे बघितलं. याच माणसानं गेल्या ऑगस्टमध्ये तिला विरोध केला होता.

"नको. त्या बाईंनी मला ऑक्टोबरपर्यंत वेळ दिलाय. तिथे स्वच्छ हातांनी जायचंय मला."

"वचन तर दिलं नव्हतंस तू."

"म्हणूनच पाळायचंय."

तिनं न्यूरॉलॉजिस्टना फोन लावला. नंतर पुन्हा लावला. सेक्रेटरी तिचा आवाज ओळखायला लागली. प्रत्येक वेळी ते काहीतरी कारण सांगायचे, आणि ती त्या कारणाचं उत्तर शोधून पुढच्या वेळी हजर व्हायची. मात्रा किती ठरवायची? तिनं स्वतः काय घेतलं, किती घेतलं आणि त्यानं काय झालं ते सांगितलं. दुसऱ्या गोळ्यांशी जमेल का? त्यावरचा अभ्यास पाठवला. तुम्ही बेकायदा काही केलंय, तर माझी अडचण होते, असं ते एकदा म्हणाले. "ते कोर्टानं बघितलंय," ती म्हणाली, "तुम्ही फक्त माझे पाय बघा." जुलैत त्यांनी तिला प्रत्यक्ष बोलावलं. मुद्दाम संध्याकाळची वेळ मागून ती गेली. झटका आला तेव्हा ते समोर उभे होते. त्यांनी तिचा पाय दोन्ही हातांनी सरळ करायचा प्रयत्न केला, पण तो सरळ झाला नाही. ऑगस्टच्या शेवटी त्यांनी अर्ज केला.

औषध आलं ते तेलाची छोटी बाटली होऊन, कुरियरनं. तिच्या तुपाएवढं ते लागू पडलं नाही. निम्म्यानं फरक पडला असेल. पण त्या निम्म्यात ती सकाळची मीटिंग वाक्यं न विसरता पार पाडू लागली.

ऑक्टोबरमध्ये न्यायाधीशबाईंनी डॉक्टरांचा अहवाल वाचला आणि शिक्षेची नोंद न करता प्रकरण मिटवलं. "आता तुमचं उत्तर काय?" त्यांनी विचारलं.

"आता लावणार नाही," पद्मजा म्हणाली.

नागरिकत्वाचा अर्ज मागे पडला. तो करताना हे सगळं लिहावं लागणार होतं, आणि उत्तर काय येईल ते कुणालाच माहीत नव्हतं.

थंडी सुरू झाली त्या सुमाराला ओंगार नावाच्या उपनगरातून एका अनोळखी मराठी बाईचा फोन आला. नाव अनुष्का. बोलताना अडखळत होती. तिच्या नवऱ्याला, आकाशला, हाच आजार होता. मंडळातल्या लोकांकडून तिनं पद्मजाबद्दल ऐकलं होतं.

"लोक काय काय म्हणत होते, तुम्हाला सांगवत नाही," ती म्हणाली. "पण मला वाटलं, तुम्हालाच विचारावं. तुम्ही झाड कसं वाढवलंत?"

"ते नको विचारू. ते करून आता माझं सगळं घर चव्हाट्यावर आलंय," पद्मजा म्हणाली. "डॉक्टरला कसं विचारायचं ते सांगते. आज संध्याकाळी वेळ आहे तुला? तो पहिल्यांदा नाही म्हणेल, ते म्हणू दे. का नाही म्हणाला, ते मात्र नीट ऐक. मग त्याचं उत्तर आपण दोघी मिळून शोधू."

विनयनं तिच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि फोन लांबणार हे ओळखून तिच्या पायाखाली उशी सरकवली.