गुंडाळीचा पट

कुमार टिपणीस कामोठ्यात राहायला आल्याला चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत बुद्धिबळाचे जे दोनएकशे डाव ते खेळले, त्यांतले त्यांनी जिंकले नऊ. हा आकडा त्यांच्या पत्नीचा, कुमुदताईंचा. टिपणिसांचा स्वतःचा आकडा बराच मोठा होता, पण त्यात 'जवळजवळ जिंकलेले' डावही धरलेले असत.

समोर बसायला असत तुळशीरामशेठ, मूळ कामोठे गावातले. टिपणिसांची इमारत उभी आहे तिथे पूर्वी शेठच्या घरचं भातशेत होतं. शेठ बुद्धिबळ शिकले मिठागरावरच्या एका मुकादमाकडून, आणि टिपणीस शिकले पुस्तकांतून. पुस्तकातल्या सुरुवाती टिपणिसांना तोंडपाठ होत्या. शेठनी ती पुस्तकं वाचलेलीच नसल्यामुळे ते चौथ्या खेळीलाच भलतीकडे जात आणि टिपणिसांची सगळी विद्या जागच्या जागी राही.

दर रविवारी चार वाजता शेठ यायचे. तीन महिन्यांपूर्वी ते यायचे थांबले, आणि त्याला कारण टिपणिसांचा पट. निदान टिपणीस तसं सांगत.

पट होता गुंडाळीचा, प्लास्टिकच्या जाड कापडाचा. 'कुठेही नेता येतो' म्हणून त्यांनी तो पनवेलच्या बाजारातून हौसेने आणला आणि हॉलच्या बाहेर कधी नेला नाही. गुंडाळून ठेवायची सवय असल्यामुळे त्याचे कोपरे वर यायचे, म्हणून एका कोपऱ्यावर सुपारीचा डबा आणि दुसऱ्यावर चष्म्याचं घर ठेवून खेळ चाले. त्या रविवारी टिपणिसांना दोन खेळींत आपल्यावर मात होताना दिसत होती. त्यांनी कोपराने हळूच डबा सरकवला. कोपरा टणकन उसळला, आणि त्यातूनही ज्या सोंगट्या उभ्या राहिल्या त्यांना टिपणिसांच्या सदऱ्याची बाही लागली.

"अरेरे! काय हा पट!" टिपणीस म्हणाले.

शेठनी एकदा पटाकडे पाहिलं, एकदा टिपणिसांकडे पाहिलं, चहा संपवला आणि चपला घालून ते निघून गेले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

टिपणिसांनी एकतीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासले होते. 'गाडी आपोआप घसरली', 'काच आपोआप फुटली' असं कोणी लिहिलं की त्या 'आपोआप'खाली ते लाल रेघ ओढत आणि कागद परत पाठवत. आता तेच टिपणीस लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत होते, की पट आपोआप उसळला हो. इतक्या वेळा सांगितलं, की मधूनमधून त्यांना ते खरंही वाटे.

पण रविवार आला की वाटेनासं होई. चार वाजले की ते गॅलरीत जाऊन खालच्या गेटाकडे बघत बसत. मुलगी इरा बंगळूरला, ऑफिसातले मित्र ठाण्याला राहिलेले, आणि कामोठ्यात त्यांचं म्हणावं असं शेठवाचून दुसरं कोणी नव्हतं. शेठची आठवण यायची, फार यायची. फोन करून तसं सांगावं, एवढं मात्र त्यांच्याच्याने होत नव्हतं.

शुक्रवारी कुमुदताई बाजारातून आल्या त्या पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "उरण नाक्याला वेणूताई भेटल्या, शेठच्या मिसेस. रविवारी शेठना पाठवा म्हटलं. सांगितलं, की यांनी पट अगदी सरळ करून ठेवलाय."

"मी कुठे केलाय?"

"मग करा. पुन्हा काही उसळलं तर ते आपल्या घराची पायरी चढायचे नाहीत, आणि मी दर रविवारी तुमचा चेहरा बघणार नाही."

टिपणिसांनी कपाटावरून पट काढला. तीन महिने रबरबँड लावून, वर बॅग ठेवलेली. सुरळीची वडीही इतकी घट्ट नसते. उलगडून सोडला की तो आपला परत गुंडाळी करून बसे.

पहिली रात्र त्यांनी तो गादीखाली घातला. सकाळी कुमुदताईंची पाठ धरली आणि पटावर पलंगाच्या फळ्यांमधल्या फटी उमटल्या. शनिवारी सकाळी तो गच्चीवर उन्हात, चार कोपऱ्यांवर चार विटा. कडा बऱ्यापैकी बसल्या, पण मधला भाग पुरीसारखा फुगला. मग टिपणिसांनी इस्त्री काढली. वर टॉवेल घातला आणि प्लास्टिकची खूण इस्त्रीवर नसल्यामुळे बटण 'सुती'वर ठेवलं. उजव्या कोपऱ्यातलं घर आक्रसून गेलं. तिथे हत्ती ठेवून पाहिला तर तो पुढे झुकून नमस्कार करू लागला.

"झालं समाधान?" कुमुदताई म्हणाल्या. त्यांनी कपड्यांच्या टबात कोमट पाणी घेतलं, पट दहा मिनिटं बुडवून ठेवला, पुसला, ओट्याच्या ग्रॅनाइटवर पालथा घातला आणि त्यावर पोळपाट, परात आणि तांदळाचे दोन डबे रचले.

"तुला हे माहीत होतं? मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

रविवारी दुपारी पट निघाला तो ओट्याइतका सपाट. टिपणिसांनी तो टीपॉयवर पसरला, बत्तीस सोंगट्या मांडल्या आणि टीपॉयवर मूठ आपटून पाहिली. नमस्कार करणारा हत्तीसुद्धा पडला नाही. टिपणीस अर्धं मिनिट अत्यंत खूश होते.

मग त्यांना म्हण आठवली. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतात. टिपणिसांनी तब्बल दोन दिवस खपून अंगण सरळ केलं होतं, आणि नाच काही अजून आलेला नव्हता. आता हरायचं ते स्वतःच्या नावावर.

चार वाजता बेल वाजली. शेठ दारात, हातात सुक्या बोंबलांची पिशवी.

"वयनी, हे घ्या, वेनूनं दिलंत." ते टीपॉयपाशी बसले, पटावरून तळवा फिरवला. "सरल जाला की, सायेब." उजव्या कोपऱ्यावर बोट थांबलं. "हितं भाजला वाटतं."

"इस्त्री," टिपणीस म्हणाले.

"हां."

डाव सुरू झाला. आज मात्र नवल घडत होतं. शेठ संथ खेळत होते, दोन प्यादी उगाच गेली, आणि विसाव्या खेळीच्या सुमारास टिपणिसांच्या घोड्याला थेट शेठच्या वजिराची वाट दिसली. शेठच्या गावातली रीत अशी, की वजिरावर चालून गेलं की तोंडाने सांगायचं. न सांगता वजीर मारणाऱ्याबरोबर पुन्हा कोणी खेळत नाही. टिपणिसांनी घोडा टाकला आणि रीतसर सांगितलं, "शेठ, वजीर."

शेठनी मान हलवली आणि पार दुसऱ्या टोकाचं एक प्यादं पुढे सरकवलं.

"अहो शेठ, वजीर म्हटलं मी."

"आयकलं. घ्या ना."

चार वर्षांत या माणसाने एक प्यादं फुकट दिलं नव्हतं. टिपणिसांचा हात घोड्यावर गेला. सपाट पटावर, कोणाला काही बोलता येणार नाही असा विजय फक्त अडीच घरं पुढे होता. त्यांनी वर पाहिलं. शेठ छताच्या पंख्याकडे मोठ्या आस्थेने बघत होते, आजच पंखा बघितल्यासारखे. टिपणिसांचे कान तापले. इतकी शरम त्यांना त्या दिवशी डबा सरकवतानाही वाटली नव्हती.

त्यांनी घोड्यावरचा हात काढला.

"शेठ, त्या दिवशी पट उसळला नव्हता. डबा मी सरकवला. कोपराने. आणि वरून बाही फिरवली."

"ठावं हाय."

"म्हणजे, म्हणूनच रागावून आला नाहीत?"

"राग कसला?" शेठ पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून बोलले. "मना वाटलं, या मानसाला हरायचा लय तरास व्हतो. आपन दर रविवारी जाऊन कशाला द्यावा? म्हनून घरीच बसलो. पन तीन म्हैने बसून मनाच तरास जाला. मंग म्हटलं जाऊ, आन हरून येऊ."

स्वयंपाकघरात कुमुदताईंच्या हातातलं भांडं थांबलेलं होतं. टिपणिसांनी शेठचं ते पुढे सरकवलेलं प्यादं उचललं आणि जागेवर परत ठेवलं.

"ही खेळी मागे घ्या, शेठ. आणि नीट खेळा."

"नीट?"

"नीट."

शेठ ताठ बसले. त्यांनी वजीर बाजूला काढला, टिपणिसांच्या घोड्याला कोंडलं, आणि पुढच्या अकरा खेळींत जे काय करायचं ते केलं. टिपणिसांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने आपला राजा आडवा ठेवला. हरायचा त्रास व्हायचा तेवढा झालाच, त्यात काडीचाही फरक नव्हता.

शेठ उठले, दाराशी चपला शोधू लागले. "मंग सायेब, येऊ पुढच्या रविवारी?"

"रविवार लांब आहे हो," टिपणीस म्हणाले. "बुधवारी या."