सगळ्यात हलकी मशीन

वादळात विहारातल्या बोधिवृक्षाची मोठी फांदी मोडून अंगणात पडली आणि आमच्या ह्यांच्या अंगात वारं शिरलं. झाड माझ्या सासऱ्यांनी, नत्थूबाबांनी लावलेलं. तेव्हापासून आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, रीतच पडली, की ह्या झाडाला हत्यार लावायचं ते आमच्या घरानेच. मजूर बोलवायचा नाही. दर उन्हाळ्यात आंधी यायची, फांद्या पडायच्या, आणि हे सिलतराच्या कारखानेवस्तीतल्या ठेकेदाराकडून पेट्रोलची चेनसॉ मागून आणून त्या छाटायचे. जन्मभर तिकडच्या कारखान्यात फिटर होते, यंत्र म्हटलं की जेवण विसरणारा माणूस.

पण गेल्या हिवाळ्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, जीभही सुधारली. उजवा हात मात्र अजून ऐकत नाही.

बुद्धपौर्णिमा तोंडावर आली होती. विहार कमिटीचे पांडुरंगभाऊ दारात येऊन भीत भीत म्हणाले, "प्रफुल्लभाऊ, औंदा मजूर लावून घेऊ का?"

"काहून? मी मेलो का?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा असा. पांडुरंगभाऊ चहा न घेताच गेले. संध्याकाळी मुलाचा, प्रशिकचा, पुण्याहून फोन आला. इकडच्या हिंदी मुलखात वाढलेला, त्याला मराठी कळतं, पण बोलतो हिंदीच. "मम्मी, आदमी बुला लो ना. पापा से नहीं होगा." फोन स्पीकरवर होता. हे समोरच बसले होते. ताट तसंच सारलं आणि उठून गेले.

मग मी डोकं चालवलं. फांदी जमिनीवर होती, शिडीचं काम नव्हतं. बॅटरीवर चालणाऱ्या लहान चेनसॉ आता मिळतात, त्यांना दोरी ओढावी लागत नाही. ह्यांनी त्या फांदीची एक डहाळी स्वतः कापावी, एवढंच मला हवं होतं. बाकीचं मी निस्तरलं असतं.

दुसऱ्या दिवशी सदर बाजारातल्या गाड्यांच्या गर्दीतून वाट काढत मी एकटीच दुकानात गेले. दुकानदार विशाल पोरसवदा, पण बोलायला गोड. दुकानातल्या सगळ्या चेनसॉ मी उचलून पाहिल्या आणि सगळ्यात हलकी निवडली. मग त्याला म्हटलं, "भैया, कल साहब को लाऊँगी. यही दिखाना. पर बोलना, यह सबसे भारी वाली है."

"समझ गया, दीदी," तो हसला. मीही हसले. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश होते की येताना ह्यांच्यासाठी जलेबी घेऊन आले.

नवी चेनसॉ बघायला जायचं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी ह्यांनी दाढी केली, पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला. दुकानात विशालने मी शिकवलेलं अगदी चोख म्हटलं, वर पदरचंही घातलं. "अंकल, सबसे भारी यही है. अच्छे-अच्छे नहीं उठा पाते."

ह्यांनी डावा हात पुढच्या दांड्याला लावला, उजवा मागच्या मुठीवर ठेवला आणि उचलली. उठली! मी टाळी वाजवायचीच बाकी होती. तेवढ्यात उजव्या हाताची बोटं सुटली आणि मशीन काउंटरवर आदळली.

हे रागावले नाहीत. उलट हसले. "भारी हाय बावा! भैया, अब हलकी वाली दिखाओ."

विशालने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"हव भैया, हलकी वाली," हे पुन्हा म्हणाले. आवाजात किती उमेद होती! ती मीच दिली होती. खरं सांगून आणलं असतं तर हात हरला असता, एवढंच. आता परक्या माणसापुढे ह्यांना मी दोनदा हरवत होते.

ह्यांनी मागच्या फळीवरच्या मोठाल्या मशीनकडे पाहिलं, मग काउंटरवरच्या. लोखंड नुसतं बघून वजन सांगणारा माणूस, त्याला किती वेळ फसवणार?

"हेच हलकी हाय ना, नीलिमा?"

मी मान हलवली. मागून एक गिऱ्हाईक आलं, बाजूला सरकून त्याला वाट देत हे मला म्हणाले, "तू उचल बरं."

"मले काय जमते, अवो?"

"उचल."

मी मशीन धरली. मुद्दाम हात थरथरवले, दात आवळले, अर्ध्यावर आणून खाली ठेवायला लागले.

"आता राहू दे ना," हे हळूच म्हणाले. "नीट धर. झाड आपल्या घरचं हाय. तुलेच कापा लागन."

मी हात सरळ केले. मशीन सहज वर आली. हे दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले.