शालनआत्याची कडी

जोडलं.

तुटलं.

जोडलं.

तुटलं. इतकं भराभर, की पायलच्या मुठीत भुंगा कोंडल्यासारखं झालं. टर्रर्र.

नऊ व्होल्टची बॅटरी आणि काड्यापेटीहून लहान रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका. कॉइलमध्ये वीज शिरली की ती लोहचुंबक होऊन पत्ती ओढते. पण पायलने वीज त्याच पत्तीतून नेलेली. पत्ती हलली की वीज खलास. वीज खलास की पत्ती जागेवर. की पुन्हा वीज. स्वतःच्याच पायात पाय अडकवून पडायचं, उठायचं, पडायचं.

"चालू झालं रे," ती भावाला, प्रफुल्लला, म्हणाली.

शिवराम आजोबांना ऐकू येत नाही. गेल्या खेपेला शालनआत्या खोपटच्या तिच्या घरून आली तेव्हा ते घरात एकटे. ती दार बडवून थकली, शेजाऱ्यांनी पहारीने दार हादरवलं, तेव्हा कुठे हे जागे. मोहन्यातली ही खोली सोडायची नाही, हा आजोबांचा हट्ट. त्यांच्या लेकीचा, आत्याचा, त्याहून मोठा: "रविवारी येते, बाबा. दार तुम्ही उघडायचं, पोरांनी नाही. नाहीतर मी येईन त्याच रिक्षात बसून माझ्याकडे."

आज रविवार.

रिले आजोबांच्या खुर्चीच्या हाताला बांधला, दाराबाहेर बटण. पायलने दाबलं. आजोबांनी दचकून हात उचलला, परत ठेवला. "कोंबडीचं पिल्लू कोंडलंस काय गं?" पायलने दाराकडे बोट केलं, तशी त्यांनी मान डोलावली.

पायलला नाचावंसं वाटलं. प्रफुल्ल मात्र बटणाकडे बघत उभा.

"ताई, आत्याने आयुष्यात कधी बेल दाबलीये?"



खरंच की. आत्या कडी वाजवणारी. खोपटला शेजाऱ्यांच्या दाराला बेल आहे, तरी ही कडीच बडवते. म्हणे, बेल परक्यांनी वाजवायची.

"शहाड स्टेशनला उतरली," प्रफुल्लने मोबाईल दाखवला. "रिक्षा बघतेय."

लोखंडाची कडी. लोखंडाचा कोयंडा. मध्ये लाकडी दार. कडी आपटली की लोखंडाला लोखंड लागतं, म्हणजे

म्हणजे कडी हेच बटण.

"पॉलिश पेपर आण. गंज घासायचाय. पळ."

"आत्याला शॉक बसला तर?"

"नऊ व्होल्ट आहेत, येड्या. कॉइलचा झटका गिळायला डायोडपण टाकलाय. गुदगुल्यासुद्धा नाही होणार."

एक वायर कडीच्या स्क्रूखाली, दुसरी कोयंड्याच्या. शेवटचा आटा बसतो न बसतो तोच गल्लीत रिक्षाचा आवाज. दोघं आत पळाली, दार लावून पलंगावर बसली.

खड्. टर्.

खड् खड्. टर् टर्.

आजोबांचा हात खुर्चीवर नव्हता. ते चष्मा पुसत होते. आधी एक काच. मग दुसरी. पायलने ओठ चावला.

बाहेर आत्या वैतागली आणि कडी कोयंड्यावर घासायला लागली. टर्रर्रर्रर्र. आजोबांनी चष्मा चढवला, हात खाली ठेवला आणि

उठले.

"आलो गं शालन. कडी उपटतेस काय?"

दार उघडलं. आत्याच्या हातात अजून कडी.

"जयभीम, बाबा," ती म्हणाली. मग मागे रिक्षाकडे वळली. "ए भाऊ, जा तू. थांबू नको."